उलट्या पिळाची चुंबळ

तुमचे मालक काय करतात, असं ललिताबाईला कुणी विचारलं की तिची पंचाईत व्हायची. पेंटर म्हणावं, तर लोक लगेच पुढचं विचारणार. काय काढतात? देव काढतात? झाडंबिडं काढतात? मग खरं सांगणं भाग पडायचं. "चुंबळ काढतेत," असं ती म्हणायची आणि समोरचा हसायच्या आत तोंड फिरवून कामाला लागायची.

बाई पाणी आणायला निघते तेव्हा जुन्या लुगड्याचं कापड पिळते, त्याचं कडं करते आणि डोक्यावर ठेवते. त्यावर घागर बसते. ते कडं म्हणजे चुंबळ. तांड्याच्या बोलीत तिला इंडोणी म्हणतात. सगळं कौतुक घागरीचं, गाणी घागरीची, चित्रं घागरीची. चुंबळ बिचारी खाली दबलेली, तिच्याकडं कोण बघतो? उंबरदरी तांड्याच्या सोमला आडे यानं बघितलं. एकदा बघून थांबला असता तर संसार जरा बरा झाला असता, पण तो उभा जन्म तेच बघत राहिला.

पोटासाठी तो पाट्या रंगवायचा. मंगरूळपीरच्या बाजारात एक काळ असा होता की किराणा, कापड, सायकल, दवाखाना, कुठल्याही पाटीकडं मान वर करून बघा, अक्षर सोमलाचं. त्याच्या 'क'ला असा डौल होता की लोक म्हणत, सोमलाचा 'क' गिऱ्हाईक ओढून आणतो. पुढं फ्लेक्स आला आणि पाट्या गेल्या. मग शाळेच्या भिंतीवर नकाशे, पोळ्याला बैलांची शिंगं, लग्नात दारावरचे हत्ती, असं मिळेल ते तो रंगवत गेला. पण संध्याकाळी घरी आला की जुना पत्रा घासून घ्यायचा, उरलेल्या रंगाचे डबे उघडायचा, आणि चुंबळ. आजही चुंबळ, उद्याही चुंबळ. घागर नाही, बाई नाही, विहीर नाही. नुसती चुंबळ, मधे रिकामी.

तांड्यानं नावं ठेवायला काही बाकी ठेवलं नाही. कुणी जिलबी म्हणे, कुणी टायर म्हणे. शेजारच्या सेवादासनं तर घरी आलेल्या पाहुण्याला सांगितलं होतं, की सोमला भोपळे काढतो, पण आतून पोकळ. हे सगळं ललिताबाईच्या कानावर पडायचं आणि घरी येऊन तिचा राग सोमलावर निघायचा.

"एखादी घागर ठिवाना तिच्यावर, अंजूचे बाबा. लोकाईले समजन तरी!"

"घागर ठिवली का लोक घागर पायतात," सोमला ब्रश न थांबवता म्हणायचा. "मंग माह्या चुंबळीले कोन पाईन?"

पालथ्या घड्यावर पाणी. ती कपाळाला हात लावून चुलीकडं वळायची. पण एक गोष्ट तिला ठाऊक होती, जी हसणाऱ्यांना ठाऊक नव्हती. त्यानं काढलेल्या दोन चुंबळी कधी सारख्या नसत.

त्याचं मूळ सोमलाच्या आईत होतं. धानीबाई पाण्याला निघाली की चुंबळ पिळून द्यायचं काम लहानग्या सोमलाचं. तिच्या जुन्या घागऱ्याचं कापड, त्यात एखादा आरसा राहून गेलेला, लाल-निळा दोरा उसवलेला. पीठ दळावं तशी ही रोजची कामगिरी. त्यातून पोराच्या डोळ्याला सवयच लागली. विहिरीवर बाया चुंबळी काढून काठावर ठेवत, आणि हा त्या बघत बसे. कुणाचा पीळ घट्ट, कुणाचा ढिला. कुणाची दोन पदरी, कुणाची फाटक्या गोधडीची. सोमलाला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मंगरूळच्या बाजारात तो भलत्याच बाईला "चाल, उशीर हून राह्यला" म्हणाला होता, हे ललिताबाई अजून विसरलेली नाही. पण त्याला चुंबळ दाखवा, बाईचं नाव सांगेल, आणि ती बाई त्या दिवशी रागात होती का तेही सांगेल.

म्हणून प्रत्येक पत्र्यावर एका बाईची चुंबळ असे. ही धानीबाईची. ही सरपंच मोहनसिंगच्या आजीची, एका बाजूला जास्त दबलेली, कारण तिची मान तिरपी होती. ही रतनसिंगच्या आईची, जी ऊसतोडीला गेली तिकडून परत आलीच नाही. ज्या बाईचा फोटो घरात नव्हता, आणि तांड्यात अशा बायाच जास्त, तिचे लेक-नातू मग सोमलाकडं येत आणि तो पत्रा मागून घरी नेत. देवळीजवळ टांगत. हसणारेही नेत. सेवादासनंसुद्धा आपल्या आईची नेली, आणि तेव्हा तो भोपळ्याचं काही बोलला नाही.

आता यात एक मेख होती. सोमला हयात बाईची चुंबळ काढत नसे. त्याचं एकच म्हणणं, "भार उतरल्याबिगर चुंबळ काढाची नाई. डोक्यावर हाय तवरी ते तिची. खाली ठिवली का मंग माही." झालं! तांड्यानं त्याचा सरळ अर्थ लावला, की सोमलानं चुंबळ काढली म्हणजे बाई गेली. म्हाताऱ्या बाया तर त्याला दुरून येताना बघून आपली चुंबळ पदराखाली लपवत. बघून ठेवील मेला, म्हणत.

ललिताबाईचं दुखणं नेमकं इथं होतं. तिला आपली चुंबळ बघायची होती. जिवंतपणी, आपल्या डोळ्यांनी.

आणि तिची चुंबळ काही साधीसुधी नव्हती. ललिताबाई डावखुरी. सगळ्या तांड्याचा पीळ उजवीकडं जायचा, हिचा डावीकडं. शेवटी कापडाचं टोक आत खोचताना तिचा हात उलटा पडायचा, त्यामुळं एक शेपूट बाहेर लोंबत राहायचं. सासू धानीबाईनं पहिल्याच दिवशी नाक मुरडलं होतं. "उलटी चुंबळ! घर उलटं करन हे." ललिताबाईनं उजव्या हातानं पिळून पाहिली, घागर डोक्यावरून घसरली, अंगावर पाणी आणि वर बोलणी. त्यानंतर तिनं पीळ बदलला नाही. सासूनंही पुढं तोंड मिटलं, कारण उलट्या पिळाच्या चुंबळीवरून पाण्याचा थेंब सांडत नाही हे तिनं रोज पाहिलं. आणि दरीतली विहीर काही जवळ नव्हती. चढ असा, की पोटातलं पोर ओरडावं.

"माही कवा काढता?" ती अधूनमधून विचारायची.

"तुह्या डोक्यावरचा भार उतरला का."

"म्हंजे मी मेल्यावर? मंग मले काय त्याचं? भित्तीवर लटकून पाऊ का मी?"

सोमला नुसता हसायचा. त्या हसण्याचा तिला इतका राग यायचा की त्या दिवशी त्याच्या ताटात भाकर पडायची ती जरा जोरातच.

मंगरूळपीरच्या उत्तमचंद शेठजींची गोष्टही सांगायला हवी, नाहीतर सोमला नुसता हट्टी वाटेल. त्यांच्या किराणा दुकानाची पाटी रंगवून झाली, नि खालच्या कोपऱ्यात सोमलानं आपली म्हणून एक बारकी चुंबळ काढली. दुसरे पेंटर सही करतात, हा चुंबळ करायचा. शेठजी बाहेर आले, बघितलं, नि त्यांचा चेहराच उतरला.

"अरे सोमला, ये क्या किया! दुकानावर शून्य? धंद्याच्या पाटीवर कुनी शून्य काढते का? पुस, पुस आधी!"

सोमला रॉकेलचा बोळा शोधू लागला तेवढ्यात आतून शेठजींची आई, भागिरथीबाई, काठी टेकत आल्या. त्यांनी मान वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "उत्तम, शून्य कुठून दिसलं तुले? चुंबळ हाय ते. माहेरी आडाचं पानी काढाचं, फडक्यानं गाळाचं, अन् अशाच चुंबळीवर घागर ठिवून आणाचं. राहू दे. ते पाटीवर नसन तर पाटी उतरव." पाटी राहिली. पुढं भागिरथीबाई वारल्या तेव्हा शेठजी स्वतः मोटरसायकलवर मागं बसून तांड्यावर आले, सोमलाच्या ओट्यावर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आईची दे." आज ती चुंबळ त्यांच्या गादीच्या मागं आहे, आणि गिऱ्हाइकानं शून्य म्हटलं तर शेठजींना खपत नाही. त्या दिवशी ललिताबाईनं चहा केला, कप पुसून दिले, आणि शेठजी गेल्यावर बराच वेळ उगीचच अंगणात उभी राहिली. आपल्या नवऱ्याच्या दारी मंगरूळचा शेठ येतो, हे शेजारणींना नीट दिसायला नको?

पण जगात सगळेच उत्तमचंद नसतात. लेक अंजू वाशीमला दिलेली. तिनं तिथल्या एका हौशी मंडळाच्या चित्रप्रदर्शनात बापाचे दोन पत्रे नेऊन दिले. नवराबायको कपडे बदलून बसनं वाशीमला गेले. हॉलमधे सगळी चित्रं भिंतीवर, यांचे पत्रे कुठं दिसेनात. शेवटी सापडले. एक दाराला टेकवलेला, आणि दुसरा टेबलावर आडवा, त्याच्यावर चहाची किटली. गोल दिसला, कुणीतरी ठेवून दिली. ललिताबाईनं मंडळाच्या माणसांचं जे काही केलं ते इथं लिहिण्याजोगं नाही. सोमला मात्र किटलीकडं बघून खुश.

"अवं, चुंबळीवर किटली ठिवली त्याईनं. पुऱ्या वाशीमात एकाले तरी समजलं ना, का हे कायले असते!"

ती येताना बसमधे त्याच्याशी बोलली नाही. अनसिंगचा कुणी ओळखीचा भेटला, त्यानं विचारलं कसं झालं प्रदर्शन. "मोठं झालं," ती म्हणाली. "यायच्या चित्राले सगळ्यात मधात जागा होती." खोटं नव्हतं, टेबल मधेच होतं.

मग तांड्यावर पाण्याची टाकी आली. म्हणजे टाकी आली, पाणी नाही. उंच खांबांवर गोल पांढरी टाकी, घरोघरी नळ, आणि नळांतून नुसती हवा. बाया पूर्वीसारख्या दरीत उतरत होत्या, फरक एवढाच की आता टाकीच्या सावलीतून उतरत होत्या.

तेवढ्यात उद्घाटनाची तारीख ठरली. सरपंच मोहनसिंग सोमलाकडं आला. "काका, टाकी रंगवाची हाय. वर लिहा 'पाणी हेच जीवन', अन् खाली एक बाई काढा, डोक्यावर घागर, हासून राह्यली. पाव्हने येऊन राह्यले."

"नळाले पानी आलं का?"

"येईन ना."

"मंग येऊ दे. पानी आल्याबिगर टाकीले ब्रश लावत नाई मी. अन् लावला तर बाई काढत नाई. चुंबळ काढीन."

मोहनसिंगनं देवळापुढं बैठक बसवली. सगळा तांडा जमला. मोहनसिंग तसा वाईट नव्हता, पण पाहुण्यांच्या धसक्यानं त्याला काही सुचत नव्हतं. "टाकीवर जिलबी काढू म्हंते हा मानूस! रोडवरून जानारे थुकतीन ना आपल्या तोंडावर. तुमीच सांगा." लोक हसले. सेवादासही हसला, ज्याच्या घरात त्याच्या आईची चुंबळ टांगली होती.

ललिताबाई बायांच्या घोळक्यात मागं बसली होती. घरात तिनं हेच, अगदी हेच, किती वेळा ऐकवलं असेल. पण घरचं भांडण घरात. ती उठली, पदर खोचला आणि पुढं आली.

"मोहनसिंग, तुही आजी कशी दिसे, सांग बरं."

मोहनसिंग आठवू लागला.

"आठवत नाई ना? पन तिची मान कोनत्या बाजूनं तिरपी होती ते तुले मालूम हाय. काहून मालूम हाय? तुह्या घरच्या पत्र्यावर हाय म्हनून. तुमी सारे जन जिलबी म्हंता, अन् माय मेली का ह्याच मानसाच्या दारात येता. हासा. पन माह्या मालकाचा ब्रश पान्याबिगर लागनार नाई. ते म्हंतेत तेच बराबर हाय. कोरड्या टाकीवर हासती बाई काढाले त्याईले लाज वाटते. तुमाले नाई वाटत?"

बैठकीत कुणी हसलं नाही. सोमला खाली मान घालून मातीत काडीनं काहीतरी काढत होता. गोलच असणार.

उद्घाटन झालंच. मोहनसिंगनं वाशीमहून भलामोठा फ्लेक्स आणून टाकीला गुंडाळला, त्यावर हसती बाई, घागर, सगळं. पाहुणे आले, नारळ फुटला, फोटो झाले, पाहुणे गेले. मग वारं सुटलं आणि त्या बाईचं आधी हसू फाटलं, नंतर घागर. चिंध्या खाली पडल्या तेव्हा ललिताबाईनं त्यातली एक शेण झाकायला घरी आणली.

पाणी आलं ते असंच एका सकाळी, कुणी न सांगता. नळानं आधी खोकून दाखवलं, मग गढूळ, मग चांगलं. बाया घरातून पळत आल्या. दुसऱ्या दिवशी आलं, तिसऱ्या दिवशीही आलं. महिना झाला तरी येतच राहिलं तेव्हा ललिताबाईनं आपली चुंबळ दाराच्या खुंटीला अडकवली. घागर नळाखाली भरायची आणि चार पावलांवर ठेवायची, तिला डोकं कशाला लागतं? सोमला ओट्यावरून ती खुंटी बघत होता. बराच वेळ बघत होता.

तेवढ्यात अंजूचे दिवस भरले म्हणून निरोप आला आणि ललिताबाई वाशीमला गेली. सोमला याचीच वाट बघत होता. ती असती तर या वयात त्याला परांचीवर चढू दिलं नसतं, हे उघड होतं. तो मोहनसिंगकडं गेला. "आता काढतो. नाई आवडलं तर वरून चुना मार." मोहनसिंगला बैठकीपासून काय झालं होतं कोण जाणे, त्यानं स्वतः बांबू आणून बांधून दिले.

अंजूला मुलगी झाली. न्हाणंमाखणं, बारसं उरकून ललिताबाई मंगरूळपीरच्या बसमधे बसली. खिडकीशी डोकं टेकून तिला डुलकी लागली होती. मागच्या सीटवरचा कुणी म्हणाला, "अरे, ते पाय टाकी! घागर ठिवल्यावानी दिसून राह्यली."

तिनं डोळे उघडले.

माळावर टाकी उभी होती. वरची गोल टाकी सोमलानं जशीच्या तशी पांढरी सोडली होती, तिच्यावर अक्षर नाही, चित्र नाही. रंगवली होती फक्त खालची कड, जिथं खांब संपतात आणि टाकी बसते. तिथं सगळीकडून गोल फिरत गेलेली एक जाड चुंबळ होती. हिरवं विटकं कापड, लाल काठ, मधेच एखादा आरसा. जन्मभर ज्याला लोक म्हणाले घागर ठेव, त्यानं अख्ख्या तांड्याच्या पाण्याची घागर ठेवली होती, आणि ती काढायलासुद्धा लागली नव्हती.

बस जवळ आली तसा तिला पीळ दिसला. पीळ डावीकडं जात होता. एका खांबाच्या वर कापडाचं टोक बाहेर लोंबत होतं, नीट न खोचलेलं.

ललिताबाईला रडू कोसळलं. शेजारची बाई घाबरली, काय झालं म्हणून विचारू लागली. "काई नाई," ती म्हणाली, नि रडता रडता बोटानं दाखवलं. "ते माही हाय."

फाट्यावर उतरून ती तांड्याकडं निघाली तर बाया नळावरच होत्या. म्हातारी मोताबाई तिला बघून छातीवर हात ठेवून उभी राहिली. "अवं ललिता, जिती हायेस ना? मी म्हनलं होतं सोमलाले, जित्या बाईची काढू नोको, वंगाळ होते!"

सोमला परांचीचे बांबू सोडत होता. कपड्यांवर हिरवा रंग, कानावरही. त्यानं मागं न बघताच सांगितलं, "मौसी, मी कवा म्हनलो बाई मेली का काढतो? भार उतरला का काढतो, म्हनलो. आतापावतर मेल्याबिगर कोनाचा उतरतच नोहता, त्याले मी काय करू?"

नळ चालू होता, घागर भरून वाहत होती, तरी कुणी ती उचलली नाही. मोताबाईनं कमरेला खोचलेली आपली जुनी चुंबळ काढली, झटकली आणि सोमलासमोर धरली. "मंग माहीबी पाऊन ठेव," ती म्हणाली. तिच्यामागून दुसरी आली. तिसरी घरी आणायला पळाली. सोमला एकेक हातात घेऊन उलटीपालटी करून बघू लागला, नि ललिताबाई बाजूला, सगळ्यांना दिसेल अशी ताठ उभी होती. मोहनसिंग आला. म्हणाला, "काका, खाली नाव टाका तुमचं." सोमलानं मान हलवली. ललिताबाई म्हणाली, "पीळ पायला का? तेच नाव."

घरी गेल्यावर तिनं त्याला हळद घातलेलं दूध दिलं आणि आधी परांचीवर चढल्याबद्दल भरपूर ऐकवलं. मग म्हणाली, "शेपूट जरा लांब झालं. माहं येवढं नसते."

"येवढंच असते," सोमला म्हणाला. "तुले मांगून कदी दिसलं नाई ते."

मोताबाईची, रतनसिंगच्या सुनेची, अशा हयात बायांच्या चुंबळी आता त्याच्या ओट्यावर वाळत असतात, आणि कुणी पदराखाली काही लपवत नाही. फाट्याला पूर्वी नाव नव्हतं, उंबरदरी म्हटलं तर कंडक्टर दोनदा विचारायचा. आता मंगरूळहून बस निघाली की टाकी दिसताच कंडक्टर स्वतःच ओरडतो, "चुंबळ, चुंबळ! चुंबळीवर कोन उतरते?" दुसऱ्या बाया गुपचूप उठून दाराशी जातात. ललिताबाई मात्र जागेवरूनच, पुऱ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, "थांबव भाऊ. माही हाय."